लेकीबरोबर अहमदाबादला

गेल्या वीस-बावीस वर्षांत २६ जानेवारीचा झेंडा आम्ही आमच्या वस्तीबाहेर कधी पाहिला नव्हता. सकाळी सातला विहारापुढच्या पटांगणात रांगोळी, आठला झेंडावंदन, मग मुलांकडून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आणि शेवटी बुंदीची पुडी, हा क्रम ठरलेला. वाचनाची सुरुवात आम्ही करायची हेही ठरलेले. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत कमिटीच्या बैठकीत आम्ही जेव्हा सांगितले की, या खेपेस आम्ही नाही, लेकीला घेऊन अहमदाबादला गाण्याच्या कार्यक्रमाला जात आहोत, तेव्हा क्षणभर कोणी काही बोललेच नाही. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "इंग्रजांच्या गाण्याला? आणि तेही सव्वीस जानेवारीला?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण बोल लागला तो लागलाच.

त्याचे असे झाले. कोल्डप्ले नावाचे चार ब्रिटिश कलावंतांचे एक पथक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना ही पोरे एकत्र आली आणि गाऊ-वाजवू लागली. २००० साली त्यांचा पहिला अल्बम निघाला, त्यातले 'यलो' हे गाणे जगभर गेले. गिटार, ड्रम आणि पियानो यांवर चालणाऱ्या या गाण्याला रॉक म्हणतात. आमच्या मते रॉक म्हणजे केस वाढवून किंचाळणे. ही समजूत कुठून आली ते आम्हाला सांगता येणार नाही, कारण असला एकही कार्यक्रम आम्ही आयुष्यात पाहिलेला नव्हता.

हेच पथक नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आले होते. लेक तेव्हा आठवीत. तिने विचारले, "पप्पा, जाऊ या का?" दिवस नोटबंदीचे होते. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द होऊन दहा-अकरा दिवस झालेले, आम्ही रोज सकाळी बँकेच्या रांगेत आणि मग कार्यालयात. "इथे दुधाला सुट्टे पैसे नाहीत, गप बस," असे म्हणून आम्ही विषय संपवला. पुढे कधीतरी कळले की, त्या कार्यक्रमाची बरीचशी तिकिटे सामाजिक कामात भाग घेणाऱ्यांना फुकट होती. तुम्ही मोबाईलवर नाव नोंदवून स्वच्छता, शिक्षण, समानता अशा कामांत काही करायचे आणि तिकीट मिळवायचे. आम्ही वीस वर्षे फुकटात समाजकार्य करतो आहोत, ते मात्र कोणी धरले नसते बहुधा.

लेक आता बावीस वर्षांची आहे. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोंदणीच्या टेबलावर बसते, महिना चौदा हजार मिळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे निघाली, तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी तीन मोबाईल मांडून बसल्या होत्या. संकेतस्थळावर लाखोंची रांग. तिचा नंबर यायच्या आत सगळी तिकिटे संपली. मग तीच अडीच हजारांची तिकिटे बाहेर कितीतरी पटीने विकली जात असल्याच्या बातम्या आल्या. पुढे १६ नोव्हेंबरला अहमदाबादची विक्री निघाली आणि तिला दोन तिकिटे लागली, २६ जानेवारीची. एक तिचे, एक मैत्रिणीचे. मैत्रिणीच्या घरच्यांनी डिसेंबरात सांगितले, परगावी रात्रीबेरात्री पोरगी जाणार नाही. लेक म्हणाली, "मग मी एकटी जाते."

आम्ही नाही म्हणालो. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिची आई म्हणाली, "पोरीला एकटी पाठवायची नाही म्हणता आणि स्वतःही जायचं नाही म्हणता. म्हणजे नाहीच म्हणता की! सरळ म्हणा ना मग." सभेत आम्ही मुलींच्या शिक्षणावर, स्वातंत्र्यावर बोलतो. ते तिने काढले नाही, तेवढे उपकार.

आम्ही बी.कॉम. माणूस, हिशेब मांडला. दोन तिकिटे पाच हजार, वर बुकिंगचा आकार. जाण्याचे शयनयान, येण्याची खास गाडी, रिक्षा, मेट्रो, खाणे. सगळे मिळून नऊ हजारांच्या घरात. लेकीने एक पैसा घेऊ दिला नाही. "पगार माझा आहे, तुम्ही पाहुणे," म्हणाली. राहण्याचे मात्र जमेना. दोन-तीन लॉजना फोन करून पाहिले. गर्दी ओळखून खोलीचे भाव असे चढवलेले की, त्या पैशात आमच्या घराचे दोन महिने निघाले असते. शेवटी एका कर्मचारी शिबिरात ओळख झालेले गोमतीपूरचे एक गुजराती बांधव आठवले. फोन केला तर पलीकडून, "जयभीम साहेब, खोली कशाला पाहता? घर आहे की." आम्ही म्हटले, आंघोळ आणि पाठ टेकण्यापुरते येतो.

२५ तारखेच्या रात्री बोरिवलीहून गाडी पकडली. तिकिटे आर.ए.सी.तच राहिली होती. ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको, आर.ए.सी. म्हणजे बाजूचे खालचे एक बाकडे आणि त्यावर दोन माणसे. झोपणे नाही, समोरासमोर पाय दुमडून बसणे. डब्यात अर्धी पोरे याच कार्यक्रमाला निघालेली. गालांवर चमकी, कोणाच्या पाठीवर गिटार, खिडकीशी एक काठियावाडी कुटुंब ठेपले खात या वरातीकडे पाहत बसलेले. त्यातल्या म्हातारीने आमच्या लेकीला विचारले, लग्नाला चाललात का? लेक म्हणाली, "हो आजी, तसंच."

पालघर गेले, डहाणू गेले, उंबरगावला गुजरात लागले. दिवे मालवले. आम्ही दोघे त्या बाकावर. घरात दोन खोल्या असूनही आम्ही बाप-लेक इतके समोरासमोर शेवटचे कधी बसलो होतो, आठवेना. वलसाडच्या पुढे केव्हातरी आम्ही विचारले, "एवढं काय आहे गं त्यांच्या गाण्यात?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी गेली तेव्हा मी ऐकायचे."

आमची आई एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्या दिवसांत आम्ही वस्तीसाठी धावत होतो. कोणाला खाट, कोणाला सिलिंडर, कोणाच्या घरी शिधा. आई आजारी पडली तेव्हा पहिले चार दिवस घरात तिच्याजवळ लेकच होती. तोंडाला कापड बांधून पाणी पाजायची, ताप बघायची. पाचव्या दिवशी आईला दवाखान्यात नेले आणि तिथून ती घरी आलीच नाही. शेवटचे दर्शन कोणालाच झाले नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पाच माणसांत उरकला. लेक रडली नाही. कोपऱ्यात कानात ती बोंडे घालून बसून असायची. आम्ही एक दिवस चिडलो. "आजीला जाऊन महिना झाला नाही आणि तुझी गाणी सुरू?" असे म्हणालो होतो. आम्ही ते विसरलोही होतो. ती विसरलेली नव्हती.

गाडीत तिने रागावून नाही सांगितले. 'फिक्स यू' म्हणून २००५ सालचे एक गाणे आहे, म्हणाली. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन याने ते तेव्हाच्या पत्नीसाठी रचले, तिचे वडील वारले होते म्हणून. "तेच एक लावायचे, पप्पा. दुसरं काही नाही. एकच."

आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्ही तिच्या पायांवर चादर ओढली. सुरत आले, चहावाला आला, दोन चहा घेतले.

वडोदऱ्याला गाडी थांबली तेव्हा अजून अंधारच होता. लेकीने काचेला नाक लावून विचारले, "संकल्पभूमी इथेच ना?" इथेच. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी आले, तेव्हा राहायला कोणी जागा दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत थोडे दिवस काढले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले. मग कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकीकत आम्ही भाषणांत शेकडो वेळा सांगितली आहे. पण स्टेशनात उभ्या गाडीतून, रात्रभर न झोपता, ती वेगळी लागते. परदेशातून शिकून आलेला माणूस अशाच एका डब्यात बसून परत गेला. लेक म्हणाली, "आणि आपण लॉजचे भाव महाग म्हणून रडत होतो." गाडी हलली.

अहमदाबादला उजाडता उजाडता उतरलो. स्टेशन कालुपूरला आहे, तिथून गोमतीपूर रिक्षाने जवळ. एकेकाळी इथे गिरण्यांचे भोंगे वाजत. आमच्या परळ-लालबागसारखेच इथलेही भोंगे थांबले. बांधवांच्या घरी आंघोळी झाल्या आणि चहा पिताना ते म्हणाले, "चला, गल्लीत झेंडावंदन आहे."

म्हणजे झेंडा चुकला नाहीच. फक्त आम्ही पुढे नव्हतो, मागे भिंतीला टेकून उभे होतो. दहा-बारा वर्षांच्या एका मुलीने उद्देशिका गुजरातीत वाचली. शब्द बरेचसे कळत होते, चाल निराळी होती. वाचताना ती एका ठिकाणी अडखळली, तिने मागे पाहिले, तिच्या आईने ओठांनी शब्द दाखवला, पोरगी पुढे निघाली. तेवढ्यात आमच्या मोबाईलवर घरून चित्रफीत आली. आमच्या जागी महिला मंडळाच्या एका ताईंनी सुरुवात केली होती. कागद न पाहता, तोंडपाठ. आम्ही बावीस वर्षे कागद धरून वाचत आलो. लेकीने ती पुन्हा लावून पाहिली आणि म्हणाली, "पप्पा, तुमची नोकरी गेली."

दुपारी मेट्रो धरली. कालुपूरहून बसायचे, जुन्या हायकोर्टाच्या स्थानकावर गाडी बदलायची आणि थेट मोटेरा. जानेवारीतही ऊन चांगले होते. स्टेडियम एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांचे, क्रिकेटचे जगातले सर्वांत मोठे. २५ आणि २६ अशा दोन रात्री मिळून दोन लाखांहून अधिक माणसे या कार्यक्रमाला आली. आत जाताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. त्यात दिवे असतात, ते दुरून कुठूनतरी चालू-बंद होतात. जाताना पट्टा परत द्यायचा. मैदानात सायकली ठेवलेल्या होत्या, पोरे त्यावर पायडल मारत होती, त्यातून वीज तयार होऊन बॅटऱ्यांत साठते. नाचायच्या फळ्याही तशाच, उड्या मारल्या की वीज. आम्हाला हे फार आवडले. विहाराच्या इन्व्हर्टरला असे काही जोडता येईल का, हा विचार तिथेही सुटला नाही. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे एवढ्या गर्दीत झिंगलेला माणूस आम्हाला तरी दिसला नाही. बापाच्या जिवाला तेवढाच थारा.

आमची जागा अगदी वरच्या मजल्यावर. गवई नखाएवढे दिसत होते, बाकी सगळे पडद्यावर. भोवती बहुतेक पांढरपेशी पोरे, इंग्रजीत बोलणारी, विमानाने आलेली. आमच्या शेजारच्या मुलाने सांगितले की तो दिल्लीचा. त्याने आम्हाला, "अंकल, तुम्ही फॅन आहात?" असे हिंदीत विचारले. आम्ही म्हटले, "मैं इनके साथ हूँ," आणि लेकीकडे बोट दाखवले. घरून निघताना तिच्या आईने दिलेला कापूस आम्ही कानात कोंबला.

अंधार पडला आणि कार्यक्रम सुरू झाला. पहिला ड्रम वाजला तो कानात नाही, छातीत वाजला. एक लाख मनगटे एका क्षणी लाल झाली, मग निळी, मग पिवळी. आमचेही मनगट त्यांत. आम्हाला न विचारता पेटत होते, विझत होते. प्रजासत्ताक दिन म्हणून गायकाने 'वंदे मातरम्'चे आणि रहमानच्या 'माँ तुझे सलाम'चे सूर धरले, तेव्हा स्टेडियम उठून उभे राहिले. मध्येच पडद्यावर जसप्रीत बुमराह दिसला, तो प्रेक्षकांत बसलेला होता, आणि अहमदाबादच्या त्या पोरासाठी गायकाने दोन ओळी जागच्या जागी रचून म्हटल्या. संपूर्ण कार्यक्रमात एवढेच आम्हाला कोणी न समजावता समजले.

इकडे घरी वेगळाच कार्यक्रम चालला होता. त्या रात्रीचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवत होते. तिची आई आणि शेजारच्या चार बायका मोबाईल डब्याला टेकवून आम्हाला लाखभर माणसांत शोधत बसल्या होत्या. "निळं स्वेटर घालायला सांगितलं होतं, तेही घातलं नाही," असा निरोप आला.

आता एक गोष्ट कबूल करायची. पहिला तासभर आमचे मन तिथे नव्हते. ते १९९३ सालात होते. आमच्या वडिलांनी आम्हाला भुसावळ पॅसेंजरने नाशिकला नेले होते, वामनदादा कर्डकांना ऐकायला. आम्ही चौदा वर्षांचे. कल्याणला गर्दीत चढलो, दाराशी पोत्यावर बसून गेलो. कार्यक्रम रात्री अकराला सुरू झाला. तिकीट नाही, खुर्ची नाही, जमिनीवर बसायचे, थंडीत शेजारच्याच्या घोंगडीत शिरायचे. आम्ही मध्यरात्री वडिलांच्या मांडीवर झोपलो. पहाटे केव्हातरी त्यांनी हलवून उठवले, "ऊठ, हे ऐक," म्हणाले. काय ऐकले ते सगळे आठवत नाही. वडिलांचा चेहरा आठवतो. गिरणीत बारा तास उभा राहणारा माणूस, तोंड उघडे, डोळे भरलेले. वामनदादा २००४ साली गेले, वडील त्याच्या पुढच्या वर्षी. त्या रात्री नाशिकला जायला आमच्या आजोबांचा विरोध होता, असे आई सांगायची. रात्रभर गाणी ऐकून पोट भरते का, असे ते म्हणाले होते म्हणे.

तिथे सगळ्यांना वाट मोकळी होती. इथे अडीच हजार मोजल्याशिवाय आत पाऊल नाही, तेही सर्वांत लांबच्या जागेला. चौदा हजार पगाराच्या पोरीने ते मोजले. आम्हाला हे खटकले आणि अजून खटकते. वस्तीतल्या तिच्याबरोबरीच्या किती मुलींना हे जमेल? पण ज्या मुलीने आपल्या कमाईतून, कोणापुढे हात न पसरता, बापाला पाहुणा म्हणून इथवर आणले, तिला हा हिशेब त्या रात्री ऐकवावा असे काही आम्हाला वाटले नाही.

शेवटाकडे दिवे मंद झाले. ऑर्गनसारखा एक लांब सूर लागला. लेकीने आमच्याकडे पाहिले, हात पुढे केला आणि आमच्या कानातला कापूस काढला. दोन्ही कानांतला. मग कळले, ते गाणे.

आम्ही मराठी माध्यमातले. कार्यालयात इंग्रजी टिपणी लिहितो, पण गाण्यातले इंग्रजी पकडता येत नाही. चार-दोन शब्द कळले असतील. सुरुवातीला तो माणूस जवळजवळ एकटाच गात होता, हलक्या आवाजात, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावे तसा. मग गिटार आली, ड्रम आले, आणि सगळे स्टेडियम गाऊ लागले. लेकही गात होती. चार वर्षांत आम्ही तिला आईसाठी रडताना पाहिले नव्हते. आताही ती रडत नव्हती, मान वर करून गात होती. तोंड उघडे, डोळे भरलेले. तो चेहरा आम्ही आधी पाहिलेला होता. आम्हाला मात्र उभे राहवेना, आम्ही खाली बसलो. शेजारच्या दिल्लीच्या मुलाने विचारले, "अंकल, ठीक हो?" आम्ही मान हलवली.

गाणे संपल्यावर ती शेजारी बसली. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो गं."

"कोणत्या दिवशी?" ती म्हणाली. तिला ठाऊक होते कोणत्या दिवशी ते. आम्ही सांगितले तेव्हा म्हणाली, "असू दे," आणि पिशवीतून तिच्या आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू काढले. आम्ही दोघांनी तिथेच खाल्ले.

बाहेर पडायला तास लागला. मनगटातले पट्टे दारातल्या खोक्यात टाकले. मेट्रो त्या रात्री मध्यरात्रीनंतरपर्यंत चालू ठेवली होती म्हणून निभावले. चेंगराचेंगरी नव्हती, पण श्वास घ्यायलाही जागा नव्हती, आणि त्या गर्दीत पोरे पुन्हा तीच गाणी म्हणत होती. कालुपूरला पोहोचलो तेव्हा फलाटावर वर्तमानपत्रे अंथरून शेकडो पोरे पसरलेली. पश्चिम रेल्वेने या कार्यक्रमासाठी खास गाड्या सोडल्या होत्या, त्यातली एक मध्यरात्र उलटल्यावर वांद्रे टर्मिनसला निघत होती. या वेळी जागा पक्क्या होत्या. तरीही लेक समोरच्या बाकावर न जाता आमच्या शेजारी बसली आणि नडियाद यायच्या आत आमच्या खांद्यावर झोपली. आम्ही हलल्याशिवाय बसून राहिलो. वडोदरा परत आले, परत गेले. खांदा भरून आला होता.

सोमवारी सकाळी घरी पोहोचून आंघोळ केली आणि अर्धा दिवस उशिरा कार्यालयात गेलो. रजेचा अर्ज भरायला बसलो. 'कारण' या रकान्यात आम्ही गेली वीस वर्षे 'घरगुती काम' असे लिहीत आलो आहोत. खरे तर त्यातल्या बहुतेक रजा मोर्चाच्या, शिबिराच्या, कोणाच्या तरी दाखल्यासाठी तहसील कचेरीत बसण्याच्या. वरिष्ठ बाईंनाही ते ठाऊक असते. या वेळीही तेच दोन शब्द लिहिले. बाईंनी चष्म्यावरून पाहिले, "या खेपेस कुठला मोर्चा?" म्हणाल्या आणि सही केली.